सारजाबाईला न दिलेला बिल्ला

बब्रुवाननं वळलेला दोर मोटेला लावला की दोन सालं तरी त्याच्याकडं बघायचं काम नाही, असं खडकहिप्परग्यातले शेतकरी म्हणायचे. केकताड, म्हणजे घायपात, भिजत घालायचं, कुजवायचं, बडवायचं, धुवायचं, वाळवायचं आणि मग वळायचं. मधली एक पायरी खाल्ली तर दोर वर्षात तुटतो. बब्रुवान पायरी खात नसे. माणूसही तसाच होता. एकदा पीळ बसला की सैल पडायचं नाव नाही. त्याची बायको सारजाबाई चारचौघींत म्हणायची, "ह्यांना मोकळं करायचं आसंल तर कापायलाच लागतंय."

खडकहिप्परगं उमरग्यापासून पाच कोसांवर, आडरानात. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्या साली तिथं मिशनचे मोठे साहेब घोड्यावर बसून आले आणि ओढ्याच्या कडेला मांगवाड्यातल्या अकरा घरांचा बाप्तिस्मा झाला. मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे माणसाला पाण्यात बुडवायचं नाही, डोक्यावर नुसतं शिंपडायचं. लोक सकाळपासून अंगावरची कापडं भिजवायच्या तयारीनं आलेले. ओंजळभर पाण्यात तीन माणसं उरकलेली बघून एक म्हातारा म्हणाला, एवढ्यानं तर माशीबी भिजत न्हाय. साहेबाला मराठी कळत होतं. तो हसला, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर दोन ओंजळी जास्त ओतल्या. पुढं तो आणखी एकदाच आला, मग आपल्या मुलखाला निघून गेला.

कोण कशासाठी ख्रिस्ती झालं ते ज्याचं त्याला ठाऊक. बब्रुवान झाला तो पंगतीसाठी. गावातल्या लग्नात हलगी वाजवायला मांगवाड्याला बोलावणं असायचं, जेवायला मात्र उकिरड्याच्या बाजूला बसवून वरून टाकायचे. उमरग्याच्या एका सभेत त्यानं साहेबाला, शाळेच्या मास्तराला आणि झाडलोट करणाऱ्याला एका सतरंजीवर बसून एकाच पोळीचा तुकडा मोडताना बघितलं. घरी आला आणि हलगी खुंटीला लावली ती कायमची.

साहेबांच्या मागनं एक्कावन्न साली पाळक शंकरप्पा आले. पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू. आळंदकडचा माणूस. घरात कानडी, बाहेर मराठी, राग आला की निव्वळ कानडी. बायको आधीच वारलेली, एकुलती लेक अणदूरला दिलेली. एक पेटी, एक छत्री आणि एक पितळी तांब्या घेऊन ते मांगवाड्याच्या कडंला खोपटात राहिले. त्यांच्या पोटासाठी घरोघरच्या बायका दळायला बसायच्या आधी मूठभर जोंधळा वेगळ्या गाडग्यात टाकायच्या. आपण उपाशी असलो तरी त्या गाडग्याला हात लावायचा नाही, हा बायकांनी आपसांत ठरवलेला कायदा. पाळकांनी कुणाचं नाव बदललं नाही. हाय त्याच नावानं देव हाक मारंल, म्हणायचे. माळावर देऊळ बांधायला काढलं तेव्हा धोतर खोचून त्यांनी स्वतः दगड वाहिले. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा. ख्रिस्ती लोकही त्याला देऊळच म्हणत.

बब्रुवान तिशीत वाचायला शिकला तो शंकरप्पांपाशी. बायबलची अक्षरं बारीक, दिव्याला दिसायची नाहीत. पाळकांच्या पेटीत मंडळीच्या नेमांचं एक पातळ पुस्तक होतं, ठळक छापलेलं. बाप्तिस्मा कुणाला द्यायचा, सभा कशी भरवायची, चुकलेल्याला बाजूला कसं करायचं आणि परत कसं घ्यायचं, असलं सगळं त्यात. बब्रुवाननं अक्षरावर बोट ठेवून तेच पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा पुरं केलेलं पुस्तक ते. छापलेलं आपल्याला कळतंय, याचंच त्याला इतकं अप्रूप होतं की ते चुकीचं असू शकतं किंवा कधी बाजूला ठेवता येतं, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

मंडळीचा कारभार बघायला दोन माणसं निवडून देतात, त्यांना वडील म्हणायचं, मग वय कितीबी असो. बब्रुवान तेहतिसाव्या वर्षी वडील झाला. दुसरा त्याचा चुलतभाऊ महारुद्र. वर्षातून दोनदा, सुगी उरकल्यावर आणि पोळ्याच्या आसपास, देवळात प्रभुभोजन व्हायचं. पोळीचा तुकडा आणि मनुकांच्या पाण्याचा घोट. आदल्या आठवड्यात वडिलांनी घरोघर जायचं, तीन प्रश्न विचारायचे. कुणाशी भांडण आहे का, दारू प्यालात का, मूर्तीपुढं वाकलात का. जबाब नीट आला की कथलाची एक चकती हातावर ठेवायची. साहेबांच्या मुलखातली जुनी रीत. लोक त्या चकतीला बिल्ला म्हणत. बिल्ला असेल तर पंगतीला, नसेल तर दाराजवळ बसून बघायचं.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात मांगवाड्यात देवी आल्या. नऊ लेकरं अंथरुणाला खिळली. बब्रुवानची एकुलती पोरगी इरम्मा सात वर्षांची. तिच्या अंगावर तिळाएवढी जागा मोकळी राहिली नाही. डोळे चिकटले, घशात पाणी उतरेना. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. बब्रुवान देवळात गुडघ्यावर बसून राहिला. एका सकाळी तो देवळात असताना सारजाबाईनं दहीभात केला, कोंबडं काखेत मारलं आणि ओढ्यापलीकडं मरीआईला गेली. एकटीच गेली नाही. महारुद्राची बायको धुरपदाबाई होती, आणखी पाच-सहाजणी होत्या. सगळ्या एकमेकींकडं न बघता गेल्या आणि तशाच परत आल्या. इरम्मा पाचव्या दिवशी उठून बसली. तोंडभर वण आणि डावा डोळा पांढरा, पण उठली. धुरपदाबाईचं लेकरू गेलं.

पोळा जवळ आला तसा बब्रुवान बिल्ल्यांची पिशवी घेऊन निघाला. मांगवाडा दोघा वडिलांनी वाटून घेतलेला. बब्रुवानचं घर बब्रुवानच्याच वाट्यात. सहा घरं झाली. सहाही घरच्या बायकांनी मूर्तीच्या प्रश्नाला मान हलवून नाही म्हटलं, आणि त्यानं बिल्ले दिले. मग आपल्या दारात येऊन तो बाहेरच उभा राहिला.

"घरात या की," सारजाबाई म्हणाली. "भाईर का उभारलाव?"

"म्या आता घरचा म्हणून आलो न्हाय. वडील म्हणून आलोय."

सारजाबाईनं जोंधळे पाखडायचं थांबवलं नाही. "बरं. इचारा की मग."

"कुणाशी भांडण हाय का?"

"तुमच्याशीच. रोज."

"ते धरत न्हाईत. दारू?"

"ती तुमी सोडल्यापासनं घरात आली न्हाय."

तिसरा प्रश्न त्यानं पिशवीकडं बघत विचारला. सूप खाली ठेवून सारजाबाई म्हणाली, "मरीआईला दहीभात न्हेला. कोंबडं सोडलं. वाकले बी."

"चुकलं म्हण."

"कसं म्हणू? पोरगी उठून बसलीया. चुकलं म्हटलं की ती वाचली तेबी चुकलं, आसं व्हतंय."

"त्याचं तसं नसतंय."

"मला तसंच वाटतंय. खोटं बोलू व्हय?"

तिनं नुसतं 'चुकलं' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. इतर बायकांसारखं नाही म्हणाली असती तरी त्यानं बिल्ला दिला असता आणि पुढं विचारलं नसतं. पण तिनं खरं सांगितलं होतं आणि खरं सांगणाऱ्याचं काय करायचं ते पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. त्यानं बिल्ला पिशवीत परत टाकला.

वडिलांची सभा भरली. पाळक आणि दोघं वडील, बस्स. शंकरप्पा म्हणाले, पोर मरायला टेकलेली आई काय करंल ते देवाला आपल्यापेक्षा जास्त कळतंय, बिल्ला देऊन टाका. बब्रुवान ऐकेना. वडिलाच्याच बायकोला सूट दिली तर उद्या कुठल्या तोंडानं दुसऱ्याच्या दारात जाऊ, म्हणाला. पाळकांनी मग त्याला एक विचारलं.

"बब्रुवान, बाकीच्या घरांत तुमी जे ऐकलं, ते खरं हाय व्हय?"

"त्यांनी न्हाय म्हटलं. म्या ऐकलं."

महारुद्र खाली मान घालून भुई उकरत बसला होता. हे प्रकरण उकललं तर धुरपदाबाईचं नाव निघणार आणि तिचं तर लेकरूही गेलेलं. त्यानं बब्रुवानच्या बाजूनं हात वर केला. दोन मतं तिकडं, एक इकडं. शंकरप्पांनी कानडीत काहीतरी म्हटलं आणि छत्री उचलून बाहेर गेले.

आता यातली गंमत अशी की भोजनाची पोळी सारजाबाईच करायची. देऊळ झाल्यापासून ते काम तिच्याकडं. गहू निवडून, दळून, बिनमिठाची पोळी. मनुका रात्रभर भिजत घालून, फडक्यातून गाळून पाणी काढायचं. त्याही वेळी तिनं केलं. पांढरं फडकं घालून ताट देवळात नेऊन ठेवलं आणि दाराजवळच्या पोत्यावर येऊन बसली. पुढं पंगत बसली. धुरपदाबाईनं तुकडा घेतला, तिच्या शेजारणीनं घेतला. मरीआईपुढं सारजाबाईच्या खांद्याला खांदा लावून वाकलेल्या सगळ्यांनी घेतला. सारजाबाई कुणाकडं रोखून बघत नव्हती. पोळी जरा कडक झाली का, एवढं बघत असावी.

पुढच्या खेपेला तो परत दारात उभा राहिला, तिनं परत तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर त्यानं विचारायचं सोडलं. पिशवी घेऊन निघाला की आपलं दार टाळून शेजारच्या दारात जायचा. सारजाबाईला हे जास्त लागलं, असं धुरपदाबाई पुढं सांगायची. निदान विचारत होता तोवर ती यादीत होती.

घरात मात्र भांडण नव्हतं. ती केकताड धुवायला जायची, तो वळायचा. इरम्माच्या पांढऱ्या डोळ्यावर गावानं दहा नावं ठेवली, ती दोघं मिळून निस्तरत होती. फक्त भोजनाचा आठवडा आला की घरात बोलणं कमी व्हायचं. एकदा शंकरप्पांनी तिला गाठून म्हटलं, सारजाक्का, तोंडानं म्हणून टाका, मी देवापाशी बघून घेतो. ती म्हणाली, "पाळकसाहेब, तुमीच शिकवलं की देव मनातलं ऐकतो. मग तोंडातलं कुणासाठी म्हणू?" शंकरप्पा हसले.

अठ्ठावन्न साली वरच्या सभेचा कागद आला. मिशनचा हात आखडला होता, माणसं कमी पडत होती, शंकरप्पांना दुसरीकडं नेमलं. जाताना अख्खा मांगवाडा वेशीपर्यंत गेला. ते बब्रुवानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ते एक मागं ऱ्हायलं बघा." कुठलं, ते बब्रुवाननं विचारलं नाही.

त्यांच्या जागी शिकून आलेला एक तरणा पाळक आला. वाचायचा गोड, गायचा गोड. त्याची बायको शहरातली. गावच्या आडावर मांगवाड्यातल्यांना घागर लावायची सोय नव्हती, कुणीतरी वरून ओतेपर्यंत आडाच्या बाजूला ताटकळत उभं राहायचं. तिनं आठ महिने तसं पाणी आणलं. नवव्या महिन्यात दोघं उमरग्याला लग्नाला म्हणून गेली ती आलीच नाहीत. त्यांना वाईट कुणी म्हटलं नाही. आमी जन्मलो इथं म्हणून ऱ्हातो, त्यांनी का ऱ्हावं, असं धुरपदाबाई म्हणाली.

त्यानंतर खडकहिप्परग्याला पाळक नाही. बब्रुवाननं ठळक छापील अक्षरासारख्या अक्षरात अर्ज लिहिले. उत्तर यायचं, धीर धरा, माणूस उपलब्ध नाही. वडिलाला भोजन वाढता येत नाही, तो हक्क पाळकाचा, हेही पुस्तकात होतंच. एकसष्ट साली महारुद्र सोलापूरला गिरणीत गेला, मागनं धुरपदाबाईही गेली. आणखी चार घरं उठली. अकरा घरांची सहा राहिली. बब्रुवान दर रविवारी देऊळ झाडायचा, उघडायचा, एक अध्याय वाचायचा, प्रार्थना म्हणायचा. सारजाबाई रविवारीही दाराजवळच्या त्याच पोत्यावर बसायची. गाडग्यातला मूठभर जोंधळा बायका अजून टाकत होत्या, पण खायला कुणी नव्हतं. गाडगं भरलं की सारजाबाई ते म्हाताऱ्या-कोताऱ्यांना वाटून टाकायची.

त्रेसष्ट साली सारजाबाईच्या पोटात गोळा धरला. इरम्माचं लग्न आदल्या वर्षीच माकणीला झालं होतं, त्यामुळं घरात दोघंच. उमरग्याच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं आणि बब्रुवानला बाहेर बोलावून सांगितलं, काय खायला मागतील ते द्या. सारजाबाई काही मागेना. आधी भाकरी बंद झाली, मग कण्या, मग ताक. ती खाटेवर पडून दोर वळणाऱ्या नवऱ्याकडं बघत राहायची. तो उठला की म्हणायची, बसा की, वळा.

एका सकाळी त्याच्या हातातला दोर पडला. नऊ वर्षं ती दाराजवळच्या पोत्यावर बसली होती आणि आता तिथंही बसणार नव्हती. पंगतीला बसायचं म्हणून आपण हलगी टाकली आणि तिला पंगतीतनं आपणच उठवलं, हे त्याला असं सरळ कधी दिसलं नव्हतं. शंकरप्पांनी जाताना दिलेलं, पिठाच्या डब्यामागं ठेवलेलं नेमाचं पुस्तक त्यानं काढलं, चाळलं. बाजूला केलेल्याला परत घ्यायचं तर चूक कबूल झाली पाहिजे, आणि पाळक आणि दोन वडिलांची सभा बसली पाहिजे. पाळक नाही. दुसरा वडील सोलापुरात. त्यानं पुस्तक परत ठेवलं, शेजारणीला सारजाबाईपाशी बसवलं आणि उमरग्याची वाट धरली.

उमरग्यात मुनवर ट्रकवाला त्याच्या ओळखीचा. माल बांधायचे दोर तो बब्रुवानकडनंच घ्यायचा. सोलापूरला कडबा घेऊन निघाला होता. अणदूरला शंकरप्पांकडं जायचं म्हटल्यावर त्यानं केबिनमध्ये जागा केली आणि म्हणाला, "वडील, तुमच्या येशूला आठवून बसा. गाडीला ब्रेक जरा कमीच हाय." बब्रुवान हसला नाही. मग मुनवरनंही पुढं चेष्टा केली नाही. कारण ऐकून घेतल्यावर म्हणाला, सोलापूरला माल उतरवून उद्या पहाटे परत येतो, म्हातारबाबांना घेऊन सडकेवर थांबा.

शंकरप्पा अणदूरला लेकीकडं राहत होते. नोकरीतनं निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरनं त्यांनी बब्रुवानला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तिनं कबूल केलं, का तुमी हट्ट सोडला?"

दोनच वाटा होत्या. मी चुकलो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. वाटेवर ट्रकमध्ये बब्रुवान तेच मनात घोळवत आला होता. पण पाळकांचा जावई समोर होता, लेक चहा घेऊन उभी होती, आणि नऊ वर्षांत ज्यानं कधी खोटं तोंडातनं काढलं नव्हतं त्याच्या तोंडातनं निघालं, "तिनं कबूल केलं."

"बरं झालं," शंकरप्पा म्हणाले. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. वडिलाच्या शब्दावर पाळकानं विश्वास ठेवायचा, ही त्यांची रीत.

सकाळी ट्रकनं ते उमरग्यापर्यंत आले. तिथनं पुढं बैलगाडी. शंकरप्पांनी वाटेत आपल्या लेकीनं केलेली पोळी फडक्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. मनुकांचं पाणी औषधाच्या बाटलीत. खडकहिप्परग्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बब्रुवाननं आदल्या सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. भोजनाला जाताना वडिलानं उपास धरायचा, हा त्याचा स्वतःचा नेम, पुस्तकात नसलेला.

सारजाबाईला पाळकांचा आवाज ऐकून बरं वाटलं. तिनं पदर सावरला, शेजारणीला सतरंजी टाकायला लावली. शंकरप्पा खाटेच्या कडंला बसले, चाचपून तिचा हात धरला आणि म्हणाले, "सारजाक्का, तुमी मन मोकळं केलं ते लई बरं केलं."

"म्या?" ती म्हणाली. "कवा?"

सारजाबाईनं मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. बावीस वर्षांचा संसार होता.

"माझ्या नावावर सांगून आलाव व्हय," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, जरा नवल होतं. मग पाळकांकडं वळून, थांबत थांबत म्हणाली, "पाळकसाहेब, म्या तसं म्हटलं न्हाय. आजबी म्हणत न्हाय. पोरगी माकणीला नांदतीया. चुकलं कसं म्हणू? तरी देता का?"

"देतो," शंकरप्पा म्हणाले. "म्या तवाच देत हुतो."

तवाच हा शब्द बब्रुवाननं ऐकला. आजवर त्याला वाटायचं, सभेनं ठरवलं. सभा कोण होती, ते त्या एका शब्दात उघडं झालं. तो पुढं येऊन भुईवर बसला आणि म्हणाला, "म्या चुकलो." दोनच शब्द होते. अणदूरला जड झालेले.

"आता म्हणून काय," सारजाबाई म्हणाली. "जरा पाणी द्या."

शंकरप्पांनी पाठ असलेली वचनं म्हटली. पोळी मोडली, बोटाच्या पेराएवढा तुकडा मनुकांच्या पाण्यात भिजवून तिच्या ओठाला लावला. तिनं तोंड उघडलं. तुकडा जिभेवर गेला. ती गिळायला बघत होती, गळ्याची शीर वर-खाली होत होती, पण आठ दिवस झाले घशाखाली काही गेलं नव्हतं. तुकडा फिरत राहिला आणि मग पाण्याबरोबर ओठाच्या कोपऱ्यातनं परत आला. शेजारणीनं पुसलं. पाळकांना दिसत नव्हतं, त्यांनी विचारलं, घेतलं का. सारजाबाई म्हणाली, "न्हाय उतरत. लवकर यायचं हुतं."

त्यांनी परत एक तुकडा मोडला, आणखी लहान. तिनं हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. ह्यांना द्या ती पोळी. कालधरनं उपाशी हायेत, तोंड बघा कसं झालंय."

शंकरप्पांनी हात बब्रुवानच्या आवाजाच्या दिशेनं केला. त्या हातात पोळीचा तुकडा होता. बब्रुवान त्याच्याकडं बघत बसला. घेतला नाही. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं हात मागं घेतला आणि फडकं बांधून टाकलं.

सारजाबाई तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. शंकरप्पा तोवर थांबले होते. पुस्तक दिसत नव्हतं म्हणून त्यांनी सगळी मातीची प्रार्थना तोंडपाठ म्हटली, मधेच एक कडवं कानडीत गेलं, कुणी हरकत घेतली नाही. देवळामागच्या माळावर खड्डा घेतला. खडकाळ जमीन. कुदळीला ठिणग्या उडत होत्या. शवपेटी बांधायला फळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून बाजेला बांधून नेलं, आणि खाली सोडायला दोर बब्रुवाननंच दिले. गावातला एक म्हातारा शेतकरी, बंडप्पा, बांधावर लांब उभा राहून बघत होता. पुरून झाल्यावर टोपी काढून निघून गेला.

माकणीहून इरम्मा आली ती माती झाल्यावर. नदीला पाणी, गाडी अडकली होती. ती रडून घेऊन गप झाली आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी आडाच्या बाजूला पाण्यासाठी थांबली असताना, आई देवळात दारापाशी का बसायची ते बायकांनी तिला सांगितलं. बायका असलं सांगतातच, आणि त्यांनी खोटंही सांगितलं नाही. घागर घेऊन ती घरी आली, खाली ठेवली आणि बापासमोर बसली.

"आप्पा, आव्वाला नऊ वर्सं दारापाशी बसवलं ते माझ्यापायी व्हय?"

"तुझ्यापायी न्हाय," बब्रुवान म्हणाला. "माझ्यापायी."

आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. मरीआई, तिसरा प्रश्न, सभेत वर झालेले दोन हात, आपलं दार टाळून शेजारच्या दारात जाणं, अणदूरला बोललेलं खोटं. काही गाळलं नाही, काही आपल्या बाजूनं वळवलं नाही. इरम्मा ऐकत होती. ऐकताना तिचा हात गालावरच्या वणांवरनं फिरत होता, तिला ते कळत नसावं.

"माझं लगीन जमलं तवा," ती म्हणाली, "तुमी सासऱ्याला सांगितलं हुतं, देवाच्या दयेनं पोरगी देवीतनं उठली. आव्वा भाकरी वाढत हुती. तिनं तुमच्याकडं बघितलं बी न्हाय."

"व्हय."

"त्या दिशी तरी म्हणायचं हुतं."

इरम्मा उठली, परातीत पीठ घेतलं, चूल पेटवली आणि बाहेर बसलेल्या माणसांसाठी भाकरी थापायला लागली. पहिली भाकरी तव्यावरनं उतरली ती तिनं ताटलीत घालून बापापुढं ठेवली आणि परत चुलीपुढं जाऊन बसली.